झेंड्याची सुरगाठ

उरलेल्या महाराष्ट्रात झेंडावंदन वर्षातून तीनदा होतं, मराठवाड्यात चारदा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि आमचा चौथा, १७ सप्टेंबर. देश स्वतंत्र झाला तेव्हा हा मुलूख निजामाकडे होता. इथं तिरंगा लावणं गुन्हा होता, आणि त्याच १५ ऑगस्टला हैदराबादेत तो फडकावून स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. पुढे तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. म्हणून परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणाऱ्या पिंगळीतही शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या काठीला ऐन पावसाळ्यात महिनाभराच्या अंतराने दोनदा झेंडा लागतो.

झेंडावंदनाला सगळे बघतात ते शेवटचं अर्धं मिनिट. दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू. काम त्याच्या आधीचं असतं आणि ते बहुतेक ठिकाणी शाळेचे शिपाई, म्हणजे मामा, करतात. आदल्या दिवशी मामा काठीवरची कप्पी फिरते का ते बघतात, जुनी दोरी काढून नवी ओवतात. मग झेंड्याऐवजी टॉवेल बांधून रंगीत तालीम. हे मला फार आवडतं. ओला टॉवेल वर जातो, सर दोरी ओढतात, टॉवेल उलगडतो, पोरं उगाच टाळ्या वाजवतात. कोणी हसलं तरी मामा हसत नाहीत. दोरी कुठे अडते ते त्यांना याच वेळी कळतं.

झेंडा बांधायचा तो टेबलावर स्वच्छ चादर अंथरून. आधी केशरी पट्टा वर आहे ना ते बघायचं. पट्टीच्या नेफ्यात दोरी ओवलेली असते आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची लहान खुंटी. खुंटी ज्या बाजूला ती वरची बाजू. घाईत हे न बघितल्यानेच झेंडे उलटे लागतात. मग लांबीत घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या. नुसत्या पाकळ्या, अख्खं फूल नाही, आणि त्याही मूठभर. ध्वजसंहितेला पाकळ्या चालतात. काठीच्या टोकाला, झेंड्याच्या वर हार मात्र चालत नाही. पाकळ्या जास्त झाल्या आणि ओलसर असल्या की गोळा होऊन आतच चिकटतात. घडीची सुरळी करून खालच्या दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि दोरी दुहेरी करून वेढ्याखाली सरकवायची. ही सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी झाली पाहिजे.

"लई आवळू नका, अन् ढिली बी ठेवू नका," मामा शिकाऊ पोराला सांगतात. ढिली राहिली तर झेंडा पाहुण्यांच्या आधीच उलगडतो. आवळली, किंवा टोक चुकीच्या बाजूने सरकलं, तर निरगाठ बसते. मग पाहुणे दोरी ओढत राहतात, बँडवाले तोंडाला पिपाणी लावून थांबतात आणि सगळं गाव मान वर करून. सप्टेंबरात सुती दोरी पाण्याने फुगते, गाठ आणखी घट्ट होते. नायलॉनची दोरी भिजत नाही, पण तिच्यावर गाठ टिकत नाही. मामांचा कल सुतीकडे, पण बांधायची सकाळी. रात्रभर बांधून ठेवायची नाही. शेवटी पाहुण्यांच्या हातात नेमकी कोणती दोरी द्यायची, त्यावर खुणेचा दोरा बांधलेला असतो.

वेळेचंही गणित असतं. १५ ऑगस्टचा मुख्य शासकीय समारंभ सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी; आसपासचा तासभर, ८.३५ ते ९.३५, इतरांनी मोकळा सोडायचा. म्हणून गावची शाळा प्रभातफेरी उरकून सकाळीच झेंडा लावते. चढवायचा झपझप, उतरवायचा हळू, सन्मानाने. संहितेत दोन्ही लिहिलंय. गाव पाळतं ते पहिलं. संध्याकाळी उतरवायला मामा आणि फार तर दोन पोरं.

उतरवण्याचा प्रश्न २०२२ पासून वेगळ्याच रूपात आला. 'हर घर तिरंगा'च्या आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेल्या झेंड्याला परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये घरावरचा झेंडा रात्रंदिवस ठेवायचीही. त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा होती. पत्र्याच्या घरावर, बांबूला, तिरंगा दिसला की छान वाटतं. पण रात्रंदिवस म्हणजे फाटेपर्यंत नव्हे. पोळा झाला, गणपती गेले, केशरी विटून पिवळा पडला आणि कडेच्या चिंध्या झाल्या तरी तो तसाच. फाटका, मळका झेंडा लावायचा नाही, हे त्याच संहितेत आहे. तो कचऱ्यातही टाकायचा नाही. खाजगीत, अख्खा, शक्यतो जाळून नष्ट करायचा. ज्या सरकारी मोहिमेने झेंडे वाटले, तिने परत घ्यायची एक पेटीही ठेवायला हवी होती असं माझं मत.

शाळेचा झेंडा खादीचा. त्यासाठी लांब जावं लागत नाही: नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते, कापड उदगीरच्या मागांवर विणलं जातं. रुंदी-उंचीचं प्रमाण ३:२, मध्ये २४ आऱ्यांचं चक्र, दोन्ही बाजूंनी दिसणारं. खादी पाणी पिते, भिजली की जड होते, वारा असला तरी काठीला चिकटून बसते. १७ सप्टेंबरला हे हमखास होतं. उतरवलेला झेंडा तसाच घडी घालून पेटीत ठेवला तर चार दिवसांत काळे डाग पडतात. मामा तो ऑफिसात दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरतात, जमिनीला टेकणार नाही असा, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवतात. दोन दिवसांनी वाळला की केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर येईल अशी घडी. पेटीत डांबरगोळ्या. पुढची तारीख २६ जानेवारी. दोरी मात्र डिसेंबरातच आणायची, कारण शेवटच्या दिवशी परभणीच्या दुकानांत मिळते ती नायलॉनचीच.