बराख नावाची बँक

शेअर्स, एसआयपी, एफडी... आपल्या इन्व्हेस्टमेंटचे फंडे ठरलेले. पण जुन्नरच्या शिवारात एक बँक अशी आहे, जिला ना एसी, ना एटीएम. तिच्या भिंतीतून चक्क वारा आरपार जातो आणि ठेव रोज थोडी थोडी घटते. तरीही माणसं दरवर्षी तिच्यातच पैसा ठेवतात!

आळेफाट्याहून नगरच्या दिशेनं निघालात की थोड्याच वेळात बेल्हे लागतं. सोमवारच्या बाजारासाठी, त्यातही बैलबाजारासाठी, पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेलं गाव. दक्षिणेला कुकडी नदी. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पानं या पट्ट्याचा नूरच पालटला. पाणी आलं तशी ऊस, भाजीपाला आणि कांद्याची शेती वाढली. या हिरव्यागार रानात, घरांपासून लांब, एखादी जुनाट, लांबुळकी झोपडी एकटीच उभी दिसते. दार नाही, खिडकी नाही. ही कुणाच्या राहण्याची जागा नाही, ही कांद्याची बराख. नाशिककडे हिलाच चाळ म्हणतात.

एकटी का?

लूक साधा असला, तरी डिझाइन एकदम विचारपूर्वक! कांदा काढला तरी तो जिवंतच असतो, श्वास घेतो. कोंडला की घाम येतो, सडतो, नाहीतर कोंब फुटतात. म्हणून बराख मोकळ्यावर. आजूबाजूला आडोसा नको, वारा सगळीकडून खेळला पाहिजे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, म्हणजे खालूनही हवा. रुंदी जेमतेम चार फूट, थर पाचेक फुटांचा. त्यापेक्षा उंच रचला तर खालचा कांदा दबलाच म्हणून समजा. जुन्या बराखींना तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड आणि वर उसाचं पाचट. नव्यांना लोखंडी अँगल, जाळी आणि पत्रा. पत्रा टिकाऊ खरा, पण उन्हात तापतो. म्हणून त्यावरही पाचट टाकतात. आजोबांचं टेक्निक अजून आउटडेटेड झालेलं नाही!

राजगुरूनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा सल्लाही याच वाटेनं जातो. काढणीनंतर कांदा पातीसकट तीनेक दिवस शेतात सुकवायचा, मान इंचभर ठेवून पात कापायची, मग दहा-बारा दिवस सावलीत. त्यानंतरच साठवण. 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मिळाली की कांदा खूश.

गेम कुठे आहे?

उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. सगळ्यांचा एकदमच, त्यामुळे भाव पडतो. बराख असेल तर थांबता येतं, अगदी दिवाळीपर्यंत. पण थांबणं फुकट नसतं. चार-सहा महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून 30 ते 40 टक्के माल जाऊ शकतो.

जरा हिशेब करू. समजा, मे महिन्यात दहा किलोला 120 रुपये मिळत होते. शंभर क्विंटल ठेवला आणि 65 क्विंटल उरला, तर नुसती बरोबरी साधायलाच दहा किलोला 185 रुपये हवेत. निवडणीची मजुरी वेगळीच.

आणि त्यात दिल्लीचा ट्विस्ट! 19 ऑगस्ट 2023ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, नेमकं बराखी भरलेल्या असताना. 8 डिसेंबर 2023ला थेट निर्यातबंदीच आली, ती 4 मे 2024ला उठली. उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025पासून गेलं. बाजार पडला तर आपण मोबाइलवर शेअर होल्ड करतो. सडायला लागलेला कांदा होल्ड करता येत नाही. कधी विकायचा हा निर्णय शेतकऱ्याचा, पण त्याचं गणित एका रात्रीत बदलणारा कागद भलत्याच शहरात निघतो.

तुमच्या शेजारच्या डेस्कवरचा जुन्नरचा मित्र पावसाळ्यात वीकएंडला गावी जातो, तो दर वेळी ट्रेकिंगला जात नसतो. बराखीतला कांदा उसपून सडका बाजूला काढायला घरी हात लागतात. एक नासका कांदा शेजारचे दहा घेऊन जातो. त्याच्या कॉलेजची फी, बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब यातलं बरंच काही याच कुडाआड सुकत पडलेलं असू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी मिसळीवर एक्स्ट्रा कांदा जरूर मागा. फक्त महागला म्हणून कुरकुर करण्याआधी विचारा, तो कोणाच्या बराखीत किती महिने वाट बघत होता?

जायचं कसं?

पुणे-नाशिक हायवेनं आळेफाटा साधारण 90 किलोमीटर. तिथून कल्याण-नगर रस्त्यानं बेल्हे. बराखी भरताना बघायच्या तर एप्रिल-मे, बाजार बघायचा तर सोमवार. रानात शिरण्याआधी मालकाला विचारा. चहा बहुतेक मिळेलच!