विमानांचा उसना गणवेश

गोंदिया शहराजवळच्या बिरसी विमानतळावरून उड्डाणे करणारी प्रशिक्षण विमाने पांढरी असतात आणि त्यांच्या धडावर 'व्हीटी' या रोमन अक्षरांनी सुरू होणारे पाच अक्षरांचे नोंदणी चिन्ह ठळकपणे रंगवलेले असते. बिरसीची धावपट्टी मुळात लष्करी गरजेतून जन्मली. ती ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, २००५ च्या अखेरीस विमानतळाचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला आणि पुढे प्राधिकरण व कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तेथे सुरू झाली. युद्धासाठी बांधलेल्या या जागेवर आज नागरी वैमानिक घडतात. परदेशात नेमके याच्या उलट दृश्य अनेक विमानतळांवर दिसते. तेथे एखाद्या डॉक्टरच्या, व्यापाऱ्याच्या किंवा निवृत्त वैमानिकाच्या मालकीचे, कायद्याने पूर्णपणे नागरी असलेले विमान हिरव्या-तपकिरी लढाऊ रंगात, वायुदलाच्या वर्तुळचिन्हासह आणि एखाद्या स्क्वॉड्रनच्या सांकेतिक अक्षरांसह उभे असते. विमानाच्या अंगावरचा रंग म्हणजे केवळ सजावट नसते. हे विमान कोणाचे आणि ते कोणाच्या वतीने उडते, याचे ते जाहीर निवेदन असते, आणि म्हणूनच खासगी विमानाला लष्करी रंग द्यावा की नाही हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही.

या प्रश्नाचा कायदेशीर पाया डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात सापडतो. या कराराच्या तिसऱ्या कलमाने लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमानांना 'शासकीय विमाने' ठरवून उरलेल्या नागरी विमानांपासून वेगळे काढले, तर विसाव्या कलमाने आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानावर राष्ट्रीयत्वाचे आणि नोंदणीचे चिन्ह असणे बंधनकारक केले. भारताच्या वाट्याला आलेले 'व्हीटी' हे असेच राष्ट्रीयत्व-चिन्ह आहे. ही अक्षरे किती मोठी असावीत हेही ठरलेले आहे: सर्वसाधारणपणे पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर आणि धडावर किमान ३० सेंटिमीटर उंचीची. १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडल्यानंतर, उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी दूर राहावे, अशी तरतूद १९८४ मध्ये करारात घालण्यात आली. नागरी विमानाला मिळणारे हे संरक्षण ते नागरी म्हणून ओळखू येण्यावर बरेचसे अवलंबून आहे, आणि लष्करी रंगाचा खरा धोका येथेच आहे.

तरीही जगाने या हौसेला सरसकट बंदी घातलेली नाही. अमेरिकेत नोंदणी अक्षरांची नेहमीची उंची १२ इंच असली, तरी किमान तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या किंवा तशा जुन्या विमानासारखेच बाह्यरूप असलेल्या छोट्या विमानाला ती अक्षरे केवळ २ इंचांची ठेवण्याची मुभा आहे, म्हणजे शेपटीजवळच्या एका पट्टीत मावणारी नोंदणी कायद्याचे समाधान करते आणि उरलेले सारे अंग इतिहासासाठी मोकळे राहते. ब्रिटनमध्ये लष्करी रंगातील ऐतिहासिक विमानांना ठळक नोंदणी अक्षरे न रंगवण्याची सूट मिळू शकते, पण त्यासाठी तेथील संरक्षण खात्याची संमती लागते. या दोन्ही व्यवस्थांमध्ये रंग बदलला तरी नोंद बदलत नाही. विमान नागरी नोंदवहीतच राहते, त्याचा मालक ठाऊक असतो आणि उड्डाणयोग्यतेची जबाबदारीही ठाऊक असते. अशा उडत्या जुन्या लष्करी विमानांना 'वॉरबर्ड' म्हणतात. १९५७ मध्ये टेक्सासमधील काही वैमानिकांनी मिळून एक मस्टँग लढाऊ विमान विकत घेतले आणि त्यातून उभी राहिलेली संस्था आज कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या नावाने अशा विमानांचा मोठा ताफा सांभाळते.

विमान रंगवण्याचे काम भिंत रंगवण्यासारखे नाही, हे येथे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. जुना रंग रसायनाने उतरवून उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर आधी गंजरोधक प्रायमर द्यावा लागतो, त्यावर रंगाचे थर चढतात आणि चिन्हे, इशारे व क्रमांक साच्यांनी उमटवले जातात. रंगालाही वजन असते. विमानाला वळवणारे आणि वर-खाली करणारे पंखांवरचे व शेपटीवरचे हलते भाग त्यांच्या बिजागरीभोवती तोलून बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर रंगाचा एखादा थर जास्त चढला तरी तो तोल बिघडून वेगात असताना 'फ्लटर' म्हणजे अनियंत्रित थरथर सुरू होऊ शकते, आणि ती काही क्षणांत तो भाग तोडून टाकू शकते. म्हणूनच रंगकामानंतर हे भाग पुन्हा तोलून पाहणे हा देखभालीचा नियम आहे. बिरसीला उडणाऱ्या ऑस्ट्रियन बनावटीच्या डायमंड विमानांच्या बाबतीत तर पांढरा रंग ही सुरक्षिततेची अट आहे. या विमानांचा सांगाडा धातूऐवजी काचतंतू किंवा कार्बनतंतू आणि राळ यांच्या मिश्रणाचा, म्हणजे 'कॉम्पोझिट'चा असतो. ही राळ ठरावीक तापमानापलीकडे मऊ पडू लागते, आणि गडद रंग उन्हाची उष्णता शोषून घेत असल्याने अशा विमानांच्या उन्हाकडच्या पृष्ठभागांना पांढरा रंगच निर्माते सांगतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या उन्हात उभे असलेले विमान हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. गोंदियाच्या विमानाला कोणी हौसेने रानहिरवा रंग दिला, तर कायद्याच्या आधी पदार्थविज्ञानच त्याला आडवे येईल.

लष्करी रंग निवडताना तर इतिहासाचा अभ्यास लागतोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळचिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे, पण भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असल्यामुळे धावपळीच्या क्षणी आपलेच विमान शत्रूचे समजून पाडले जाण्याची भीती होती. म्हणून या भागात गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका असलेले चिन्ह आले आणि पुढे एकइंजिनी लढाऊ विमानांच्या पंखांवर व शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टेही आले. त्या काळातील भारतीय हवाई दलाची विमाने हेच निळे चिन्ह घेऊन लढली. स्वातंत्र्यानंतर १९४७ ते १९५० या काळात अशोकचक्र हे वर्तुळचिन्ह होते आणि प्रजासत्ताकाबरोबर आजचे केशरी, पांढरे आणि हिरवे वर्तुळ आले. म्हणजे एकाच जातीचे विमान १९४४, १९४८ आणि १९५५ या तीन सालांत तीन वेगळ्या चिन्हांनी उडाले असणार, आणि जुने विमान रंगवणाऱ्याला त्यातील एकच साल निवडावे लागते. निवडलेले साल सांगितले जाते, न निवडलेली साले मात्र झाकली जातात.

लष्करी रंगातून नागरी रंगात येण्याचा उलटा प्रवास तर भारतात प्रत्यक्ष घडलेला आहे. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या गरजेपेक्षा जास्त झालेली डाकोटा जातीची वाहतूक विमाने येथील खासगी हवाई कंपन्यांनी विकत घेतली, त्यांच्यावरचा लष्करी हिरवा रंग उतरला आणि ती प्रवासी व टपाल वाहू लागली. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. विदर्भाच्या आकाशात रात्रीचा तो आवाज युद्धासाठी बांधलेल्या आणि नागरी झालेल्या विमानांचा होता. या विमानांनी गणवेश उतरवला, म्हणून त्यांच्या स्मृतीसाठी आज कोणी फारसे धडपडत नाही. जुन्या विमानांच्या हौशी जगाला बहुधा लढाईचाच रंग हवा असतो, आणि ही त्या जगाची मोठी उणीव आहे.

या साऱ्या विषयाची गुंतागुंत ज्या एका विमानात एकवटली आहे, त्याचा भारताशी निकटचा संबंध आहे. युद्ध संपल्यानंतर ब्रिटिशांनी कानपूर येथे लिबरेटर जातीची चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने मोडून टाकून दिली होती. नव्या भारतीय वायुदलाकडे जड बॉम्बफेकी विमाने नव्हती, म्हणून १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्या भंगारातून एकेक विमान उडण्याजोगे करण्याचे काम हाती घेतले, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तात्पुरती सांधलेली विमाने कानपूरहून बेंगळुरूला नेली. सुमारे चाळीस लिबरेटर अशा रीतीने पुन्हा उभी राहिली. वायुदलाच्या सहाव्या स्क्वॉड्रनने पुण्याहून ती सागरी टेहळणीसाठी वापरली आणि १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. इतर देशांत ही जात तोवर जवळजवळ नामशेष झाली होती, त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांनी लिबरेटरसाठी भारताकडे धाव घेतली.

त्यांपैकी एक विमान १९८१ मध्ये डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकाने मिळवले आणि पुढे ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. हजारो तास खपून त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले, पण भारतीय म्हणून नव्हे. आधी ते 'ऑल अमेरिकन' या नावाच्या युद्धकालीन विमानाच्या रंगात, १९९८ पासून 'द ड्रॅगन अँड हिज टेल' या दुसऱ्या विमानाच्या भडक चित्रासह आणि २००५ पासून 'विचक्राफ्ट' या तिसऱ्या विमानाच्या रूपात उडत राहिले. त्या तिन्ही मूळ विमानांचा पराक्रम खरा आहे आणि त्यांच्या सैनिकांची आठवण जागी ठेवणे हे आदराचे काम आहे. पण ज्या विमानाच्या अंगावर ती आठवण चढवली, ते स्वतः त्या तिन्हींपैकी एकही नव्हते. ते ब्रिटिशांसाठी उडाले, कानपूरला मोडले गेले, भारतीय तंत्रज्ञांच्या हातांनी वाचले आणि वीस वर्षांच्या आसपास भारताच्या सेवेत राहिले. आज ते अस्तित्वात आहे याचे कारण हेच भारतीय पर्व आहे, आणि नेमके तेच पर्व कोणत्याही रंगसंगतीत दिसले नाही. रंग उसना घेणे क्षम्य आहे. ज्यामुळे विमान टिकले ती वर्षे अदृश्य करणे मात्र अन्यायाचे आहे.

रंग ताजा असला तरी आतला धातू जुनाच राहतो, याचेही भान हवे. याच फाउंडेशनचे 'नाइन-ओ-नाइन' हे नाव रंगवलेले बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतील ब्रॅडली विमानतळावर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. ते नावही युद्धानंतर भंगारात गेलेल्या दुसऱ्याच विमानाचे होते. पुढच्या वर्षी तेथील नियामकांनी पैसे घेऊन प्रवासी नेण्याची संस्थेची परवानगी काढून घेतली.

भारतात खासगी मालकाने आपले विमान लष्करी रंगात उडवण्याची प्रथा रुजलेली नाही. विमान नियम, १९३७ नुसार नोंदणी चिन्हे सक्तीची आहेत, आणि सैनिक असल्याचा आभास निर्माण करण्याच्या हेतूने सैनिकी पोशाख वा चिन्ह वापरणे हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० नुसार आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. ते कलम माणसांविषयी आहे, पण सैनिकी चिन्हाकडे या देशात कोणत्या नजरेने पाहिले जाते ते त्यातून कळते. सीमेवर तणाव असलेल्या देशाने या बाबतीत सावध असणे रास्तच आहे.

म्हणूनच येथे वेगळी वाट निघाली. उद्योजक आणि तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक जुने डाकोटा विमान विकत घेऊन ब्रिटनमध्ये त्याचा जीर्णोद्धार करवून घेतला आणि ते भारतीय वायुदलाला भेट देऊ केले; त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. हा प्रस्ताव आधी मान्य झाला नव्हता. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये विमान इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला पोहोचले आणि मे महिन्यात वायुदलाच्या ऐतिहासिक विमानांच्या पथकात 'परशुराम' या नावाने दाखल झाले. त्याच्या अंगावर 'व्हीपी ९०५' हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे सैनिक श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक होता. खासगी हौस आणि लष्करी चिन्ह यांच्यातील पेच येथे सुटला, कारण गणवेश चढवण्याआधी विमानाने मालक बदलला आणि चिन्ह देण्याचा अधिकार ज्याचा आहे त्यानेच ते दिले. हा क्रमांकही उसनाच आहे, आणि काश्मीरच्या त्या सकाळचे ऋण लक्षात घेता तो योग्यही आहे. तरीही लिबरेटरला लावलेली कसोटी परशुरामालाही लागू होते: महायुद्धापासून ब्रिटनच्या आकाशातील नागरी वर्षांपर्यंतची या विमानाची स्वतःची हकीकत, त्याच्या जुन्या नागरी नोंदणीसह, दाराजवळच्या एखाद्या पट्टीवर लिहिलेली असली पाहिजे.