राही सरनोबतचं पिस्तूल आणि त्याची भावंडं

आमच्या मालेगावात नेमबाजी म्हटलं की पोरांना जत्रेतले फुगेच आठवतात. म्हणून ही पोस्ट.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात .22 चं पिस्तूल लागतं: वजन जास्तीत जास्त 1400 ग्रॅम, ट्रिगरचा दाब किमान 1000 ग्रॅम. वेगाच्या फेरीत प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य फक्त 3 सेकंद समोर असतं, त्यामुळे नळी कमी उसळणं सगळ्यात महत्त्वाचं. इटलीच्या पार्डिनीचं 'एसपी' बघा. मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, नळी अगदी खाली. जर्मन वॉल्थरच्या 'जीएसपी'चीही हीच रचना. दिसायला ओबडधोबड, पण मला तरी देखणंच वाटतं!

10 मीटरला 4.5 मिमी छर्ऱ्याचं, दाबलेल्या हवेवर चालणारं एअर पिस्तूल. ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम. स्विस मोरिनीच्या 'सीएम 162'मध्ये तर इलेक्ट्रॉनिक ट्रिगरही मिळतो.

रिव्हॉल्व्हर? सेंटर फायर प्रकारात .32 चं चालतं, पण तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही आणि तिथेही बहुतेक जण पिस्तूलच घेतात.

लाकडी मूठ मात्र कंपनी कुठलीही असो, आपल्या तळव्याप्रमाणे कानशीने घासून बसवावी लागते. .22 ला शस्त्रपरवाना लागतो. शिकायला सुरुवात एअर पिस्तूलनेच करा, तीही क्लबच्या.