विष कोणाचे, राख कोणाच्या दारी?

धार आणि देवास ही नावे मराठी माणसास पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. आज ही दोन्ही ठिकाणे कारखानदारीसाठी ओळखली जातात. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून आणण्यात आला व जूनअखेर जाळून संपविण्यात आला. ३ जानेवारीच्या ‘बंद’मध्ये दोघे जण आत्मदहनाच्या प्रयत्नात भाजले.

हा कचरा चाळीस वर्षे भोपाळकरांच्या माथी होता; तो हलविणे आवश्यकच होते. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यांनी विष निर्माण केले, त्यांनी त्याच्या विल्हेवाटीसाठी काय दिले? सुमारे १२६ कोटींचा खर्च केंद्र सरकारने, म्हणजे तुम्हीआम्ही, सोसला. कार्बाइड १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सुटली. २००१ मध्ये ती विकत घेणाऱ्या डाऊ कंपनीने मालमत्ता स्वीकारली, भोपाळचे उत्तरदायित्व मात्र नाकारले.

भोपाळात मिथाइल आयसोसायनेट बनविण्यासाठी फॉस्जीन वापरीत. हाच वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर अस्त्र म्हणून सोडला गेला होता. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७ मध्ये अंमलात आला. ज्याचा साठा, त्यानेच तो स्वखर्चाने नष्ट करावा, असा त्याचा दंडक आहे. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केलाही. रणांगणावरील सैनिकास जे संरक्षण लाभले, ते कारखान्याशेजारी निजलेल्या नागरिकास का लाभू नये? कंपन्यांनी मानवी हक्कांचा आदर राखावा, असे संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये सांगितले खरे, परंतु त्यास कायद्याचे बंधन नाही.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. ते कागदावरून कृतीत आणावयाचे, तर परवाना देतानाच सफाईच्या खर्चाची अनामत घेतली पाहिजे, आणि कंपनी विकत घेणाऱ्याने तिची घाणही विकत घेतली, असे कायद्याने ठरविले पाहिजे. केरीच्या पठारावरून नायलॉन ६,६ प्रकल्पास १९९५ मध्ये माघार घ्यावयास लावणाऱ्या गोमंतकीयांस हे वेगळे सांगावयास नको. जो नफ्याचा धनी, तोच राखेचाही धनी झाला पाहिजे.