डोंगरातल्या गावात सात महिने

परदेशी नोकरी म्हटली की आपल्या घरांत दुबई, मस्कत किंवा लंडनची नावे निघतात. आम्ही दोघी फ्रान्सला निघालो, तेही पॅरिसला नव्हे तर डोंगरातल्या एका छोट्या गावी. हे कळल्यावर मिरजेच्या अम्मींनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे आपले लोक आहेत का?" चिपळूणच्या अब्बांनी विचारले, "आणि डोक्यावरच्या ओढणीचे काय?" अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. अब्बांच्या प्रश्नाचे होते, पण ते सांगायला आठ दिवस लागले.

आधी कामाविषयी. फ्रान्सच्या शाळांत इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून दरवर्षी अनेक देशांतून तरुण भाषा-सहायक बोलावले जातात. भारतातल्या उमेदवारांची निवड फ्रेंच दूतावासामार्फत होते. पुण्यात एकत्र फ्रेंच शिकलेल्या आम्ही दोघींनी अर्जात एकच विभाग मागितला आणि नशिबाने एकाच परिसरातल्या दोन शाळा मिळाल्या. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला बारा तास. व्याकरण शिकवायचे नाही, गुण द्यायचे नाहीत. मुख्य शिक्षकांच्या सल्ल्याने दहा-बारा मुलांचा गट घेऊन त्यांना बोलते करायचे. हातात महिन्याला साधारण आठशे युरो पडतात. मोठ्या शहरात त्यातले बरेचसे भाड्यातच जातात; लहान गावात जपून खर्च केला तर निभावते.

आता ओढणीचे. फ्रान्समध्ये धर्म आणि शासन वेगळे करणारा कायदा १९०५ चा. तिथला सरकारी नोकर कामावर असताना कोणत्याही धर्माची खूण दिसेल असे काही घालू शकत नाही, मग तो मुस्लिम असो, ख्रिस्ती असो की ज्यू. सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी २००४ चा वेगळा कायदा आहे, आणि आम्ही गेलो त्याच वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, शाळेत अबाया घालण्यावरही बंदी आली होती. भाषा-सहायकाचा पगार सरकारी, म्हणून नियमही तोच. रस्त्यात, बाजारात, बसमध्ये ओढणी घेता येते. चेहरा झाकायला मात्र २०११ पासून मनाई आहे.

आमच्यापैकी एक शाळकरी वयापासून ओढणी घेते, दुसरी घेत नाही. जी घेते तिने हे सगळे अब्बांपुढे मांडले. ते म्हणाले, "तू मोठी आहेस, तू ठरव." मग दोन दिवस फारसे बोलले नाहीत. तिने जायचे ठरवले. रोज सकाळी शाळेच्या फाटकाअलीकडे ओढणी काढून पिशवीत ठेवायची, सुटल्यावर पुन्हा घ्यायची, असे सात महिने गेले. ते सोपे होते असे आम्ही सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रडली. आमच्या एका मैत्रिणीने याच कारणाने अर्ज भरला नाही. तिचे चुकले असेही आम्हांला वाटत नाही. पण हा निर्णय घरी बसून, शांतपणे, अर्ज भरण्याआधी व्हायला हवा. विमानातून उतरल्यावर नव्हे.

आमचे गाव कांताल जिल्ह्यातले. क्लेर्मों-फेराँहून ओरियाककडे जाणारी छोटी आगगाडी डोंगर चढत, बोगदा पार करून तिथे नेते. कुरणांत लांब शिंगांच्या तांबड्या गाई, काळ्या दगडांची घरे आणि ऑक्टोबरातच झोंबणारी थंडी. दुपारी बारा ते दोन दुकाने बंद. रविवारी दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, सोमवारीही बरीच दुकाने उघडत नाहीत. पहिल्या रविवारी घरात फक्त चिवडा आणि चहापत्ती होती. त्यावर दिवस काढला आणि शनिवारीच बाजार करायचा, हे शिकलो.

पहिला महिना कागदपत्रांत गेला. घर भाड्याने घ्यायला बँकेचे खाते लागते आणि बँकेला घराचा पत्ता लागतो. शेवटी शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी तात्पुरत्या राहण्याचे पत्र दिले, तेव्हा ती गाठ सुटली. व्हिसाची ऑनलाइन नोंदणी पोहोचल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते. पहिला पगार उशिरा हातात येतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च सोबत न्यावा. भाड्याला सरकारी मदत मिळू शकते; तिचा अर्ज लगेच करावा.

खाण्याचे प्रश्न रोजचे. शाळेच्या खानावळीत मांस टाळून अंडी, मासे, भाज्या घेत होतो. तरीही विचारावे लागे, कारण भाजीच्या पाय-मध्येही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, रश्श्यात वाइन असते आणि मुलांच्या गोळ्यांत जिलेटिन. सुरुवातीला विचारायची लाज वाटायची. एकदा वाढणाऱ्या बाईच म्हणाल्या, "विचारत जा ना, मला सांगायला काय होते!" त्यानंतर आमचे ताट येण्याआधीच त्या मान हलवून हो किंवा नाही सांगू लागल्या.

पण त्याआधी एक कठीण दिवस आला. आम्ही पोहोचून दोन आठवडेही झाले नव्हते. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी अरास शहरात एका शिक्षकाची शाळेतच हत्या झाली. त्याच्या तीन वर्षे आधी, १६ ऑक्टोबर २०२० रोजी, सामुएल पाती या शिक्षकाचा खून झाला होता. दोन्ही वेळा मारणाऱ्याने आपल्या धर्माचे नाव घेतले होते. सोमवारी दुपारी दोन वाजता देशभरातल्या शाळांत मौन पाळायचे ठरले.

रविवारी रात्री आम्हांला झोप लागली नाही. आपल्याकडे कोण कसे बघेल? काही विचारले तर काय सांगायचे? घरी फोन केला तेव्हा अम्मी म्हणाल्या, "ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांचा विचार कर. तुझ्याकडे कोण बघते, तो विचार नंतर." सोमवारी आम्ही आपापल्या शाळेत सगळ्यांबरोबर उभ्या राहिलो. शिक्षक रडत होते, आमचेही डोळे भरले. एका शाळेत मौनानंतर कोणी काही बोलले नाही. तो अबोला दोन-तीन दिवस टिकला आणि टोचला. दुसऱ्या शाळेत इतिहासाच्या एका वयस्क शिक्षकांनी कॉफीचा कप पुढे केला आणि म्हणाले, "उद्या तुमचा तास आहे ना? मुले वाट बघतात." त्या कॉफीची आम्हांला अजून आठवण येते.

तिथे दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत पाऊल टाकताच "बाँजूर" म्हणावे लागते. ते न म्हणता थेट वस्तू मागणारा उद्धट ठरतो. लहानपणी घरात शिरताना आधी सलाम केला नाही म्हणून दादीचा ओरडा खाल्लेल्या आम्हांला हे शिकवावे लागले नाही. मौनानंतरच्या त्या अवघड दिवसांतही आम्ही रोज आधी बाँजूर म्हणत राहिलो. आठवड्याभरात समोरून आधी येऊ लागले.

वर्गात एका मुलाने विचारले, "तुम्ही मुस्लिम आहात का?" वर्गात स्वतःच्या धर्माविषयी बोलायचे नाही, हे आम्हांला आधीच सांगितले होते. म्हणून आम्ही फळ्यावर 'पाणी' हा शब्द मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत लिहिला आणि विचारले, तुमच्या घरी काय म्हणतात? पोर्तुगीज घरातली मुलगी म्हणाली, "आग्वा." तुर्की मुलगा म्हणाला, "सू." मागच्या बाकावरची, कधीच न बोलणारी मुलगी हळूच म्हणाली, "मा." ते अरबी होते. त्या दिवसापासून ती इंग्रजीतही बोलू लागली.

रमजान मार्चात आला. पहाटे आमच्या खिडकीत दिवा बघून खाली राहणाऱ्या घरमालकीण आजी काळजीत पडल्या. कोणी आजारी आहे का, म्हणून विचारायला वर आल्या. सहरी म्हणजे काय ते सांगितले. बाजारात ऑलिव्ह विकणाऱ्या मोरोक्कन बाईंनी खजुराची पिशवी हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. ३१ मार्चला युरोपात घड्याळे एक तास पुढे जाणार होती. आदल्या दिवशी आजींनी दारावर थाप मारली आणि म्हणाल्या, "उद्या तुमचे जेवण एक तास उशिरा आहे, लक्षात आहे ना?" आदल्या दिवशी सव्वासातला सुटलेला रोजा दुसऱ्या दिवशी घड्याळात सव्वाआठला सुटला. त्या संध्याकाळी आजी आमच्याबरोबर खजूर खायला थांबल्या.

१० एप्रिलला ईद. बुधवार होता, शाळेचा दिवस. आम्ही लेखी रजा मागितली, दोन्ही शाळांनी दिली. तिथल्याच बारीक शेवयांचा शीरखुर्मा केला. चारोळी नव्हती, बदाम घातले. एक वाटी आजींना, एक बाजारातल्या बाईंना, एक डबा खानावळीतल्या बाईंना. रात्री फोनवर अम्मींनी विचारले, "कोणाकोणाला दिला?" आम्ही नावे सांगत गेलो. "मग आहेत की लोक," त्या म्हणाल्या.

आम्ही मे महिन्यात परतलो. यंदा चिपळूणच्या मोहल्ल्यातली एक मुलगी हाच अर्ज भरायचा म्हणून माहिती विचारायला आली होती. आम्ही पगार, व्हिसा, थंडीचे कपडे सांगत होतो. अब्बांनी मध्येच थांबवले आणि म्हणाले, "ते सगळे नंतर. बेटा, आधी ओढणीचे घरात बोलून घे. अब्बांशी बोल, अम्मीशी बोल. मग जे ठरेल ते. जायचे ठरले तर मी तुझ्या अब्बांना भेटायला येतो."