हुकूम थेट चिपला

क्वालकॉमने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी आर्डुइनो ताब्यात घेण्याचा करार जाहीर केल्यापासून, त्या निळ्या बोर्डाचे आणि त्याच्या फुकट लायब्रऱ्यांचे पुढे काय होणार, याविषयी विद्यार्थ्यांत जी चिंता व्यक्त होते आहे ती मला काहीशी अनाठायी वाटते. कारण ऊनो बोर्डावरची एटीमेगा ३२८पी ही चिप मायक्रोचिपची, आणि तिच्या एकेका रजिस्टराचा तपशील देणारे दप्तर, म्हणजे डेटाशीट, कोणालाही विनामूल्य मिळते. ज्याने ते एकदा नीट वाचले त्याला मालकीच्या फेरफाराची फिकीर नसावी.

या विचारास निमित्त दोंडाईच्यात मिळाले. या बाजूस मिरची-कापसाच्या रानातील पंपांना वीज बरेचदा रात्री-अपरात्री येते, म्हणून मोबाइलवरून चालणारा स्टार्टर हा पदविकेच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प. ऊनो बोर्डावर बांधलेला असाच एक स्टार्टर मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात आला होता. तक्रार अशी की, लाईट आली रे आली की कोणी फोन न करताच मोटार सुरू होते. विद्यार्थ्याने रिले बदलून पाहिला होता, सिमचे मॉड्यूलही बदलले होते. दुकानदार स्वतः पदविकाधारक, त्यांनी प्रोग्रामच्या आरंभीच्या ओळी वाचल्या, मल्टिमीटर बाजूस ठेवला आणि विचारले, “भाऊ, तुना मनमा काय शे ते चिपले कसं समजी?”

दोष क्रमाचा होता. रिसेट झाल्यावर या चिपच्या सगळ्या पिना ‘इनपुट’ असतात आणि पोर्ट रजिस्टरात शून्य असते. प्रोग्रामात प्रथम ‘पिनमोड’ने पिन ‘आउटपुट’ केली होती, नंतर सिमचे मॉड्यूल जागे होईपर्यंत काही सेकंद थांबा, आणि मग कोठे ‘डिजिटलराइट’ने पिन ‘हाय’. बाजारातले बहुतेक रिले मॉड्यूल शून्य मिळाले की ओढतात. म्हणजे मधले ते सेकंद रिले स्टार्टरचे हिरवे बटण दाबूनच बसला होता, आणि काँटॅक्टर एकदा बसला की तो आपल्याच सहायक संपर्काच्या बळावर टिकतो. दुकानदारांनी पोर्टच्या बिटात आधी १ लिहविला, मग दिशेच्या, म्हणजे डीडीआर रजिस्टरात; तंटा मिटला. ‘डिजिटलराइट’ची ओळ ‘पिनमोड’च्या वर सरकवूनही हेच साधले असते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे, पण ती का सरकवायची, हे रजिस्टर पाहिल्यावाचून सुचत नाही.

मौज अशी की, तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमातल्या ज्या ८०५१ ला (इंटेलची ही चिप १९८० सालची) आजची मुले जुनाट म्हणून हिणवतात, तिच्या तोंडी परीक्षेतला एक ठरीव प्रश्न ‘रिसेटनंतर पोर्टात काय असते?’ हाच आहे. उत्तर ‘एफएफ’, म्हणजे सगळे बिट १. ज्याने हे समजून पाठ केले तो नवी चिप हाती येताच तिलाही तोच प्रश्न विचारील. ज्याने गुणांसाठी पाठ केले तो विचारणार नाही, आणि आपल्याकडे दुसऱ्याचीच संख्या मोठी.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कवी आर्य यांच्या ई-यंत्र उपक्रमाने फायर बर्ड ५ या रोबोवर जे शिकविले त्याचा ढंग मला म्हणूनच भावतो. त्याचा बझर पोर्ट सीच्या बिट क्रमांक ३ वर. तो वाजविण्यासाठी पोर्टात आधी काय आहे ते वाचायचे, त्याच्याशी शून्य-आठ ‘ऑर’ करायचे आणि परत लिहायचे, शेजारच्या बिटांस धक्का न लावता. याउलट ‘डिजिटलराइट’ हा अतिदक्ष कारकून: पिनेचा पोर्ट तक्त्यात शोधतो, तिच्यावर टायमर आहे काय पाहतो, इंटरप्ट तात्पुरते बंद करतो, आणि एका बिटासाठी चिपचे पन्नासाच्या आसपास ठोके खर्चतो, जे काम थेट लिहिल्यास दोन ठोक्यांत होते. १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर पंपाला त्याने काडीचा फरक पडत नाही. सिमच्या मॉड्यूलशी बोलण्यासाठी लायब्ररी खुशाल वापरावी. तेथे रजिस्टरांचा हट्ट म्हणजे हौस.

मंडळाने ८०५१ काढून टाकण्याची घाई करू नये, एवढीच विनंती. उलट, प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याचाच बोर्ड पुढे ओढावा, वीज घालवून पुन्हा द्यावी, आणि पहिल्या सेकंदात प्रत्येक पिनेवर काय आहे ते डेटाशीट उघडून सांगायला लावावे.