‘लोक’ कोण हे कोणी ठरवायचे? : जॅकोबिनांची सत्ता आणि शब्द



‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द आपण मराठी वृत्तपत्रांत रोज वाचतो. त्यांचा उगम १७८९ सालच्या फ्रान्समधील सभागृहाच्या बैठकव्यवस्थेत आहे. राजाचे अधिकार राखू पाहणारे सदस्य अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि ते कमी करू पाहणारे डाव्या हाताला. बसण्याच्या जागेवरून विचारसरणीला नाव मिळाले. या पाठात आपण त्याच राज्यक्रांतीतील जॅकोबिन या जहाल गटाचा विचार करणार आहोत. ‘जहाल’ म्हटले की मराठी वाचकाला टिळक आठवतात आणि ‘मवाळ’ म्हटले की गोखले. पण तो भेद येथे लावू नका. येथे प्रश्न वेगळा आहे. सभागृहात कधीही बहुमत नसलेल्या गटाच्या हाती एका मोठ्या राष्ट्राची सत्ता कशी आली, आणि त्या सत्तेने शब्दांचा वापर कसा केला?

मठातील सभा

‘जॅकोबिन’ हे त्या गटाने स्वतः निवडलेले नाव नव्हे. ‘संविधानमित्रांची सभा’ असे त्याचे मूळ अधिकृत नाव. तिच्या बैठका पॅरिसमधील डोमिनिकन साधूंच्या मठात भरत. त्या साधूंना पॅरिसमध्ये जॅकोबिन म्हणत असत. त्यांचे नाव तेथे जमणाऱ्या राजकारण्यांना चिकटले. या सभेचे खरे बळ मठाबाहेर होते. गावोगावी तिच्या संलग्न सभा होत्या आणि त्यांच्याशी नियमित पत्रव्यवहार चाले.

जून १७९१ मध्ये सोळाव्या लुईने पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. त्यानंतर राजाचे काय करायचे यावरून सभा फुटली. बहुतेक लोकप्रतिनिधी बाहेर पडले. रोबेस्पिअर आणि मोजके सदस्य मागे राहिले. तथापि प्रांतांतील बहुसंख्य शाखा, काही काळ डळमळल्या तरी, अखेर जुन्या सभेकडेच राहिल्या. सभागृहातले संख्याबळ गेले, पण पत्रव्यवहार राहिला. माझ्या मते पुढील घटनांची किल्ली येथेच आहे.

एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. गंमत अशी, की ब्रिसो आणि त्याचे सहकारी, ज्यांना पुढे जिराँदिस्ट म्हटले गेले, ते या युद्धाचे पुरस्कर्ते होते आणि रोबेस्पिअर विरोधक होता. युद्धाचा लाभ मात्र विरोधकालाच झाला. पराभवांच्या बातम्या येऊ लागल्या, संशय वाढला आणि १० ऑगस्ट १७९२ रोजी सशस्त्र जमावाने राजवाड्यावर हल्ला केला. राजेशाही संपली. नव्याने निवडलेल्या ७४९ सदस्यांच्या ‘कन्व्हेन्शन’ या सभागृहात जॅकोबिन उंचावरच्या बाकांवर बसत, म्हणून त्यांना ‘पर्वत’ म्हणत. मधल्या मोठ्या, कोणत्याच गटाशी न बांधलेल्या समूहाला ‘मैदान’ असे नाव पडले. पुढील प्रत्येक कायदा या मैदानाच्या मतांनी संमत झाला, हे विसरू नका.

२ जून १७९३

१७९३ चा वसंत कठीण होता. सीमेवर शत्रू, पश्चिमेला व्हाँदे प्रांतात बंड, पॅरिसमध्ये महाग भाकरी. शहरातील कारागीर आणि छोटे दुकानदार स्वतःला ‘साँ-क्युलॉत’ म्हणवत. म्हणजे उच्चवर्गीयांची गुडघ्यापर्यंतची विजार न घालणारे. जॅकोबिन नेते बहुधा वकील होते, रोबेस्पिअर तर शेवटपर्यंत पावडर लावलेला केसांचा टोप वापरत असे. परंतु धान्याचे दर बांधून देण्याची साँ-क्युलॉतांची मागणी त्यांनी स्वीकारली आणि रस्त्यावरची ताकद त्यांच्या बाजूने उभी राहिली.

त्याच काळात एका सेनापतीच्या फितुरीनंतर कन्व्हेन्शनने सदस्यांना अटकेपासून असलेले संरक्षण काढून घेतले. त्याचा पहिला वापर जिराँदिस्टांनीच केला: त्यांनी मारा या जॅकोबिन नेत्याला न्यायासनापुढे उभे केले. मारा निर्दोष सुटला, पायंडा राहिला. २ जून रोजी सशस्त्र दलांनी तोफांसह सभागृहाला वेढा घातला आणि सभागृहाने स्वतःचेच २९ जिराँदिस्ट सदस्य अटकेसाठी स्वाधीन केले.

आता या प्रसंगाकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहा. आत साऱ्या देशाने निवडलेले प्रतिनिधी होते. बाहेर पॅरिसमधील हजारो माणसे. जॅकोबिनांच्या मांडणीत बाहेरची माणसे ‘लोक’ होती. ‘लोक’ हा शब्द तोवर मोजता येणाऱ्या समूहाचा वाचक होता; आता तो गुणवाचक झाला. जो क्रांतीशी निष्ठावान, तो लोकांपैकी. निष्ठा कोणाची खरी, हे ठरवणारा गट त्या शब्दाचा मालक झाला.

न केलेल्या कृतीचा गुन्हा

सत्तेचे केंद्र लोकसुरक्षा समिती हे होते. तिची मुदत कन्व्हेन्शन दरमहा वाढवून देत असे. नवे संविधान जनमताने मंजूर झाले होते. शांतता प्रस्थापित होईपर्यंत ते बाजूला ठेवण्यात आले. १७ सप्टेंबर १७९३ चा संशयितांविषयीचा कायदा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. वर्तन, संबंध, बोलणे किंवा लेखन यांवरून जुलमी सत्तेचा पक्षपाती वाटणारा माणूस संशयित. आणि क्रांतीविषयी आपली निष्ठा सातत्याने प्रकट न केलेले उमराव आणि त्यांचे नातलग हेही संशयित.

शेवटच्या कलमाची वाक्यरचना तपासा. ‘त्याने चोरी केली’ या आरोपात एक कृती आहे. ती घडली की नाही हे तपासता येते. ‘त्याने निष्ठा प्रकट केली नाही’ या आरोपात कृतीच नाही. ‘सातत्याने’ हे क्रियाविशेषण तर बचावाचा उरलासुरला मार्गही बंद करते, कारण कितीही वेळा निष्ठा दाखवली तरी एखादा दिवस सुटतोच.

या राजवटीची दुसरी बाजूही उत्तरपत्रिकेत लिहिली पाहिजे. तिने प्रचंड सैन्य उभारून परकीय फौजा मागे रेटल्या आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. त्याच वेळी सुमारे १६,६०० लोकांना रीतसर शिक्षा ठोठावून ठार केले गेले, तेही बहुसंख्य पॅरिसबाहेर. चौकशीविना किंवा तुरुंगात मेलेले वेगळे.

प्रादेशिक भाषाही संशयातून सुटल्या नाहीत. १७९० मध्ये क्रांतीने आपले कायदे प्रादेशिक भाषांत अनुवादित करण्याचे ठरवले होते. जानेवारी १७९४ मध्ये समितीच्या बारेर या सदस्याने ब्रेटन, बास्क, जर्मन आणि इटालियन या बोलींना अंधश्रद्धेशी आणि प्रतिक्रांतीशी जोडले. जूनमध्ये ग्रेग्वारच्या अहवालाने सांगितले, की किमान ६० लाख फ्रेंच माणसांना राष्ट्रभाषा येत नाही. चार वर्षांत अनुवादाची जागा उच्चाटनाने घेतली. ब्रेटन शेतकऱ्याने काय बोलावे याबरोबर कोणत्या भाषेत बोलावे, हाही निष्ठेचा प्रश्न झाला.

शब्द उलटतो

व्याख्येचे वर्तुळ लहान होत गेले. मार्च १७९४ मध्ये अधिक जहाल एबेर, एप्रिलमध्ये सौम्य झालेला दांतों वधस्तंभावर गेला. दांतोंबरोबर गेलेल्यांत क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेतील महिन्यांना नावे देणारा कवी फाब्र देग्लांतीनही होता. १० जूनच्या कायद्याने ‘लोकशत्रू’ या शब्दात खोट्या बातम्या पसरवणारे, लोकमत भरकटवणारे आणि नीती बिघडवणारे असे सर्व सामावले. आरोपीचा वकील गेला, आणि शिक्षा एकच उरली.

२६ जुलै रोजी रोबेस्पिअरने सभागृहात कटवाल्यांवर दीर्घ भाषण केले. नावे सांगा, असे सदस्य ओरडले. त्याने सांगितली नाहीत. संदिग्धता हेच आजवर त्याचे शस्त्र होते. त्या रात्री मात्र आपले नाव यादीत असेल असे अनेकांना वाटले, आणि दुसऱ्या दिवशी मैदानाने त्याच्या अटकेच्या बाजूने मत दिले. तो सुटून नगरभवनात पोहोचला, तेव्हा कन्व्हेन्शनने त्याला ‘कायद्याबाहेरचा’ घोषित केले. अशा माणसाचा खटला चालत नसे, फक्त ओळख पटवली जाई. २८ जुलैला ती पटवली गेली आणि संध्याकाळी त्याचा शिरच्छेद झाला.

जॅकोबिनांची सभा नोव्हेंबरमध्ये बंद करण्यात आली. विजेत्यांनी पराभूतांसाठी एक नवा शब्द रूढ केला, आणि आता त्या शब्दात कोण मोडतो हे ते ठरवू लागले. मराठीत आपण त्याला ‘दहशतवादी’ म्हणतो.